निळ्या गळ्याचा शंकर

“यांचं खाणंपिणं कोण बघतं?” डॉक्टर मजमुदारांनी विचारलं.

बापूंचा हात त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता. माझे सासरे तसे देखणे गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर, बोटं लांबसडक. पण महिनाभराच्या ओकाऱ्यांनी त्यांचा नुसता सापळा उरला होता. प्रत्येक नखावर एक आडवी पांढरी रेघ उमटली होती. त्या रेघांकडे बघत मी म्हटलं, “मीच बघते.” त्यात लपवण्यासारखं काय होतं? सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, घरात माणसं तीन आणि स्वयंपाक करणारी मी एकटी. पण डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, “विद्याधरभाई, जरा बाहेर येता?”

बडोद्याच्या आमच्या त्या घराला पुढे ओटा होता आणि स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावरच उघडायची. आमटी ढवळण्याचं निमित्त करून मी तिथे जाऊन उभी राहिले. डॉक्टर आवाज खाली घेऊन बोलत होते, पण बडोद्यात वाढलेल्या गुजराती माणसाला हळू बोलायची सवयच नसते.

“पोटाचा रोग नाही हा. मला सोमलाचा वहीम आहे,” ते म्हणाले. “थोडं थोडं करून पोटात जातंय. नखं नि केस तपासायला पाठवतो. रिपोर्टात तेच निघालं, तर मला पोलिसांत सांगावं लागेल.”

सोमल हे विषाचं नाव मी तोवर फक्त पेपरात वाचलं होतं, तेही ‘सुनेने’ नाहीतर ‘पत्नीने’ या शब्दांच्या शेजारी. माझी पाचावर धारण बसली. आमटी खाली लागल्याचं मला वासावरून कळलं.

हे आत आले, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले आणि म्हणाले, “उन्हाळ्यामुळे होतंय म्हणतात डॉक्टर.” आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलायची वेळ आलीच तर आधी पाणी लागतं. मीही काही ऐकलं नाही असं दाखवून पानं वाढायला घेतली.

आता बापूंच्या नादाबद्दल सांगायला हवं. पूर्वी सरदार, वकील, दिवाण अशा लोकांचे स्वतःचे ग्रंथसंग्रह असत. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मालकाच्या नावाची एक छापील चित्रपट्टी चिकटवलेली असे. इंग्रजीत तिला बुकप्लेट म्हणतात, बापू ग्रंथमुद्रा म्हणायचे. कुणाच्या पट्टीवर मोरावर बसलेली सरस्वती, कुणाच्या पट्टीवर व्यासांचं ऐकून लिहिणारा गणपती, कुणाचा डोंगर उचललेला मारुती आणि डोंगराच्या पायथ्याशी मालकाचं नाव. एका वकिलाने तर झोपलेला कुंभकर्ण काढून घेतला होता आणि त्याच्या डोक्याखाली उशी म्हणून जाडजूड ग्रंथ दिला होता. तीस वर्षं बापू रद्दीवाल्यांकडे चकरा मारून असल्या पट्ट्या जमवत होते. पेन्शनीतलं कितीतरी त्यात जायचं, पण ते सुखात असायचे म्हणून आम्ही काही बोलत नसू.

पट्टी पुस्तकापासून सोडवायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी ती कशाने चिकटवली आहे ते ओळखायचं. पिठाची खळ असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला टीपकागद वर ठेवायचा, सरस असेल तर वाफ द्यायची. उलटं झालं तर चित्राची वाट लागते. आणि ओळखायचं कसं, तर पट्टीच्या कोपऱ्याला जिभेचं टोक लावून. खळ किंचित गोडसर लागते, सरस खारट. पट्टी सुटली की मागे राहिलेली खळही ते थुंकीने ओलं केलेलं बोट फिरवून काढत, कारण पाणी जास्त झालं तर कागद फुगतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बापूंनी मला हे हौसेने करून दाखवलं होतं आणि मी तोंड वाकडं केलं होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना घबाड सापडलं. सरदार रणनवरे म्हणून गावात एक घराणं होतं. थोरले सरदार वारून बराच काळ लोटला होता, आणि त्यांच्या नातवाने अर्धा ग्रंथसंग्रह रद्दीत काढला. बापूंनी हातगाडीभर पुस्तकं घरी आणली. सरदारांच्या पट्टीवर हलाहल पिणारा शंकर होता. मागे समुद्र, वासुकीची दोरी, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दैत्य, सगळं काळ्या शाईत छापलेलं. पण थोड्या पुस्तकांत याच शंकराच्या गळ्याला कुणीतरी हाताने निळा रंग दिला होता.

संग्राहकाला वेड लागायला एवढं पुरतं. एकाच पट्टीचे दोन प्रकार, आणि त्यातला एक कुणीच पाहिलेला नाही. पुण्याच्या एका संग्राहकाने अशा एका निळ्या गळ्यासाठी आपला आख्खा अल्बम देऊ केला, तेव्हा बापू तान्ह्या पोरासारखे हसले होते. त्यानंतर ते दिवसभर टेबलाशीच असत. साध्या काळ्या पट्ट्या पडून राहिल्या आणि निळे गळे एकेक करून सुटू लागले. आणि त्याच सुमाराला त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. पण हे दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघायचं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

ह्यांनी ओट्यावरचं बोलणं आपल्या थोरल्या बहिणीला सांगितलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी कुंदावन्सं मांजलपुराहून रिक्षा करून आल्या. चप्पल काढायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. फडताळातले डबे उघडले, वास घेतले, आणि बापूंच्या काढ्याची बाटली स्वतःच्या पिशवीत टाकली. मला एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान उत्तर तरी देता आलं असतं. मग बापूंच्या उशाशी बसून म्हणाल्या, “काही दिवस माझ्याकडे चला. इथलं काही तुम्हाला मानवत नाही.”

बापूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. “कुंदा, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतंय,” ते म्हणाले. “माझी शैला तशी नाही. पुन्हा हे काढू नकोस.”

ते वाक्य मी पदरात बांधून ठेवलं. त्या घरात चार वर्षांत माझी कूस उजवली नव्हती, घर बापूंच्या नावावर होतं, आणि शेजारपाजारी काय बोलतील ते मला तोंडपाठ होतं. पण ज्याच्या पोटात विष जातंय तोच माणूस आपल्या बाजूचा आहे, या एका गोष्टीवर मी रात्री डोळे मिटू शकत होते.

तरी बापू गेलेच, डॉक्टरांनीही तोच सल्ला दिला होता. टेबलावरचं काही बरोबर न्यायला वन्संनी साफ नकार दिला. आणि मांजलपुराला बापू बरे व्हायला लागले. हे रोज बँकेतून परस्पर तिकडे जात आणि आल्यावर सांगत, आज पिठलंभात मागून खाल्ला, आज अंगणात फिरले. बापू सुधारताहेत याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला प्रत्येक बातमीची धास्ती वाटायची. माझ्या हातचं बंद झालं आणि माणूस बरा झाला. याचा अर्थ काय होतो ते सांगायला वकील लागत नाही.

मग माझा माझ्यावरच भरवसा राहिना. पितळी भांड्यांची कल्हई गेली असेल का? मिठाच्या बरणीशेजारी मी कधी उंदराचं औषध ठेवलं होतं का? मी सगळी भांडी घासून काढली, तांदूळ, डाळ, मीठ, हळद, सगळं फेकून नवीन आणलं. फेकण्याआधी मात्र बापूंच्या काढ्याची जी पूड घरात उरली होती ती उकळून मी पेलाभर प्यायले आणि देवासमोर बसले. मला ओकारी होऊ दे म्हणून मी देवाला हात जोडत होते. कसलं काय, मला उलट कडकडून भूक लागली.

बापूंना लेकीकडे करमेना. टेबल, टेबल असं त्यांनी टुमणं लावलं आणि एके सकाळी वन्सं घरात नाहीत असं बघून रिक्षात बसून परत आले. आल्या आल्या टेबलाशी गेले आणि निळ्या गळ्यांवरून हात फिरवला. मी जवळ गेले तर म्हणाले, “थाळी इथेच ठेवत जा. मी सावकाश जेवीन.” त्या दिवसापासून ते खोलीतच जेवू लागले. थाळी लख्ख रिकामी परत यायची. बापूंची भूक परतली म्हणून मी हरखले होते.

आठवडा गेला आणि ओकाऱ्या पुन्हा सुरू झाल्या, पहिल्यापेक्षा वाईट. पायांत सारख्या मुंग्या येत, टाचा टेकवत नसत. ह्यांनी घरात जेवणं सोडलं. “ऑफिसात झालं,” म्हणायचे. दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं, स्वतः त्यातला घास घेतला आणि सरळ विचारलं, “तुम्हालाही वाटतं का, की मी करतेय?”

त्यांचा हात तांब्याकडे गेला. मी तो तांब्या उचलून मोरीत ओतला. मला माहेरी जायचं होतं, पण गेले असते तर पळाली म्हणाले असते. राहिले तर विष घालतेय म्हणणार. आड आणि विहीर दोन्ही माझ्याच घरात होती.

रिपोर्ट आला तेव्हा दुपार होती. डॉक्टरांनी वन्संनाही बोलावून घेतलं होतं. बापूंच्या पलंगाभोवती आम्ही सगळे उभे होतो. सोमलच निघाला होता. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले की त्यांचा नाइलाज आहे, पण या घराशी जुने संबंध म्हणून ते उद्या संध्याकाळपर्यंत थांबतील. तोवर घरात कुणाला काही सांगायचं असेल तर सांगावं. ‘कुणाला’ म्हणजे कोणाला हे सांगायची गरज नव्हती. वन्सं पदराने डोळे पुसत होत्या.

पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी मी बोलले. “डॉक्टर, बापू त्या पट्ट्यांना जीभ लावतात. इथे लावतात, मांजलपुराला लावत नव्हते.”

डॉक्टर बापूंकडे वळले. बापू उशीला टेकून बसले होते. ते हसले. “तीस वर्षं लावतोय, डॉक्टर. शेकडो पट्ट्या सोडवल्या. गव्हाच्या पिठाची खळ असते, त्याने कोण मरतं?”

“आता बापूंच्या छंदावर ढकलतेस होय, शैला?” वन्सं म्हणाल्या. डॉक्टरांनी टेबलावरच्या पट्ट्या लांबूनच पाहिल्या आणि बॅग उचलली. तीस वर्षांपुढे माझं काय चालणार होतं? मी बापूंकडे पाहिलं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली होती. आजारी माणूस थकला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

सकाळी हे कामावर गेले आणि बापूंजवळ वन्सं बसल्या. मी स्वयंपाकघरात नुसती बसून होते. मांजलपुराला दोन गोष्टी नव्हत्या, माझा हात आणि बापूंचं टेबल. माझा हात मला ठाऊक होता, म्हणजे टेबलच उरलं. पण बापू म्हणाले ते खोटं नव्हतं, टेबल तीस वर्षं तेच होतं. मग या उन्हाळ्यात त्या टेबलावर नवीन काय आलं? हा प्रश्न मी स्वतःला विचारला मात्र, आणि ते निळे गळे डोळ्यांपुढे आले. मी चपला घातल्या आणि कुणाला न सांगता निघाले.

रणनवऱ्यांच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत थोरल्या सरदारांची मुलगी राहत होती. सगळे तिला आक्कासाहेब म्हणत. सत्तरी ओलांडलेली, ताठ पाठीची बाई, हातात कात्री घेऊन कुंड्यांतली वाळकी पानं छाटत होती. मी कोण, कुठली, हे सांगितलं. रद्दीत गेलेल्या पुस्तकांचं नाव काढताच त्यांनी कपाळाला आठी घातली. भाच्याच्या नावाने बोटं मोडून झाल्यावर मला म्हणाल्या, “आता काय त्याचं? गेली ती गेली.”

“आक्कासाहेब, त्यातल्या काही पुस्तकांत शंकराचा गळा निळा आहे,” मी म्हटलं. “तो का?”

त्यांनी कात्री थांबवली. “ती पण विकली त्याने? मूर्ख मेला. ती विकायची नव्हती.”

“का?”

“आमच्याकडे कसर फार. आबासाहेबांनी अर्धं आयुष्य कसरीशी भांडण्यात घालवलं. शेवटी ज्या पुस्तकांना कीड लागलीच, त्यांची पुन्हा बांधणी करून घेतली आणि खळीत सोमल कालवून लावला. मुद्राही त्याच खळीने डकवल्या. मग नोकरांना, आम्हा पोरांना कळायचं कसं? कुणाला वाचता येत होतं, कुणाला नव्हतं. म्हणून आबासाहेबांनी कुंचला घेऊन तेवढ्या शंकरांचे गळे निळे केले.” त्या हसल्या. “आम्हाला पढवलं होतं, ते शंकराने प्यायलंय, तुम्ही पिऊ नका. निळा गळा दिसला की आम्ही त्या पुस्तकाला हात लावत नसू.”

मी कुंड्यांच्या कट्ट्यावर मटकन बसले. ज्याला दुर्मीळ म्हणून बापू छातीशी धरून बसले होते, ती धोक्याची पाटी होती. सरदारांच्या घरचं शेंबडं पोर त्या रंगापासून लांब पळत होतं आणि आमच्या घरचा जाणकार त्यालाच जीभ लावत होता.

“कुणी तोंडात घातलं की काय?” आक्कासाहेबांनी विचारलं. माझ्याकडे बघून त्यांना उत्तर मिळालं असावं. त्यांनी कात्री खाली ठेवली. “रिक्षा बोलव. तुझं कोण ऐकणार? मी येते.”

संध्याकाळी सगळे पुन्हा पलंगाभोवती होते, पण या खेपेला खुर्चीवर आक्कासाहेब बसल्या होत्या आणि बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत डॉक्टरांनी रुमाल नाकाला लावून एक पुस्तक उजेडात धरलं होतं. वाळलेल्या खळीची पांढरी भुकटी त्यांच्या बोटाला लागली. ते तसेच मोरीत जाऊन साबणाने हात धुऊन आले आणि म्हणाले, “पोलिसांचं काही कारण नाही आता. हे जाळू नका, धूरसुद्धा वाईट. बांधून द्या, मी घेऊन जातो.” मग माझ्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. “बहेन, माझी चूक झाली.”

वन्सं रडायला लागल्या. ह्यांनी वर्तमानपत्रात हात गुंडाळून सगळी पुस्तकं आणि सोडवलेल्या पट्ट्या पोत्यात भरल्या. अल्बममधून निळे गळे काढताना बापूंचा हात एकदा पुढे आला, पण वन्संनी तो धरून ठेवला. मग सगळे आक्कासाहेबांना आणि डॉक्टरांना पोचवायला ओट्यावर गेले.

खोलीत बापू आणि मी दोघंच राहिलो. माझ्या अंगातून ताप उतरल्यासारखं झालं होतं, हसू येत होतं आणि रडूही. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. “बापू, आता बरे व्हाल हं,” मी म्हटलं. “वेळेवर कळलं.”

“मला कळलं होतं,” बापू म्हणाले.

मला वाटलं, ग्लानीत बोलताहेत. “काय कळलं होतं?”

“त्या पट्ट्यांचं.” आवाज अगदी शांत होता. “कुंदाने तिकडे माझ्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून परत आल्यावर मी तुझं जेवण खाल्लंच नाही, शैला. खिडकीत मांजर येते, तिला घालत होतो. केळीवाला खिडकीजवळून जातो, त्याच्याकडून केळी घ्यायचो, तीच खायचो. तरी ओकारी सुरू झाली. मांजर मात्र टुणटुणीत. मग दुसरं काय राहिलं?”

मी पलंगाची कड धरली. “काल मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं. दोन दिवस झाले, जीभ लावणं मी बंद केलंय.”

“मग हसलात का?”

“खरं बोललो असतो तर त्यांनी कालच नेल्या असत्या. बघितलंस ना, आज कशा नेल्या.”

“आणि मला नेलं असतं, बापू?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लाज असती, नाहीतर राग असता, तरी मला चाललं असतं. तसं काहीच नव्हतं. खळ आणि सरस यांतला फरक त्यांनी मला ज्या मायेने समजावला होता, त्याच मायेने ते म्हणाले, “तुला सोडवून आणता आलं असतं गं. वकील आपल्या ओळखीतले आहेत. मी स्वतः सांगितलं असतं कोर्टात. त्या मात्र एकदा गेल्या की परत कुठल्या मिळायला?”

इतके दिवस मी पोलिसांना भीत होते, वन्संना भीत होते, स्वतःच्या हातांनाही भीत होते. ज्याला भ्यायला हवं होतं त्याचंच वाक्य पदरात बांधून मी झोपत होते. पलंगाची कड सोडून मी मागे सरले.

ओट्यावरून माणसं आत आली. वन्संनी माझे दोन्ही हात धरले. हे मागे उभे होते, मान खाली घालून. बापूंनी उशीवर सरकून बसत सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“शैलासारखी सून मिळायला भाग्य लागतं,” ते म्हणाले. “जा, पोरी. गरम वरणभात कर. आज पोटभर जेवणार आहे मी तुझ्या हातचं.”

वन्सं रडता रडता हसल्या. हेही हसले. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि त्यांच्या समोर आता मी काय बोलणार होते? मी स्वयंपाकघरात गेले. तांदूळ धुतले, कुकर लावला. मग दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून खाली बसले. बाहेरून बापूंचा आवाज येत होता, मीठ बेतानं घाल म्हणून.